गच्चीवरच्या सळया

कळवणच्या आमच्या घराच्या गच्चीवर चारी कोपऱ्यांत लोखंडी सळया उभ्या आहेत. थोरल्याचं लग्न झालं की वर मजला चढवू, म्हणून नानांनी त्या मुद्दाम सोडल्या. थोरला म्हणजे मी. संगणकाच्या नोकरीसाठी पुण्याला गेलो तो तिकडचाच झालो. सळया मात्र गंजत राहिल्या.

माझ्या धंद्यातही सळयांचाच वाद आहे. आम्ही प्रोग्रॅम 'ऑब्जेक्ट'चे बांधतो. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरचं काम एकत्र असलेला घटक. कांद्याची हिशोबपट्टी घ्या. वजन आणि भाव तिच्यापाशी. हमाली, तोलाई वजा करून रक्कम काढणंही तिच्याचकडे. नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात 'सिम्युला' या भाषेत ही कल्पना रुजवली. पण असे घटक आखावेत कसे, यावर जाणत्यांचं एकमत नाही.

बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ साली सांगितलं, की घटकात भर घालता यावी, पण जुन्याला हात लावावा लागू नये. म्हणजे सळया सोडा. केंट बेक यांनी १९९९ साली उलट मांडलं: आज लागतं तेवढंच साधं लिहा, उद्याचं उद्या बदला. म्हणजे सळया नकोत.

मी नवा असताना एका आडत्यासाठी पट्टीचा प्रोग्रॅम लिहिला. उद्या मका येईल, डाळिंब येईल, म्हणून जागोजाग सळया सोडल्या. आला फक्त कांदाच. कधी लाल, कधी उन्हाळी. मग २०१६ साली सरकारने आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. नेमकी तिथेच मी सळई सोडली नव्हती. आडतीची वजावट प्रत्येक भिंतीत चिणलेली. सगळं फोडावं लागलं.

तेव्हा उमगलं, की दोघांची घरंच वेगळी. मेयर यांचे घटक अनोळखी माणसं वापरणार. त्यांच्या अंगावर भिंत पाडता येत नाही. बेक यांच्या घरात मालक आणि गवंडी शेजारी बसतात, प्रत्येक बदलानंतर भिंत ठोकून पाहतात. तिथे फोडणं स्वस्त. सल्ला घेण्याआधी विचारावं, घर कुणाचं आणि फोडायला किती पडेल?

गेल्या दिवाळीत नानांना म्हटलं, "सळया कापून टाकू."

"राहू दे रे," ते म्हणाले. "तुझी आई कपड्यांची दोरी बांधते त्यांना."