गोपनीय, पण कोणापासून?

आमच्या देवरूखातून मुंबई-पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या अर्जांत शेवटी एक रकाना हमखास असतो : 'आपल्याविषयी माहिती देऊ शकतील अशा दोन व्यक्तींची नावे व फोन नंबर'. उमेदवार कॉलेजातल्या सरांचे आणि आधीच्या नोकरीतल्या साहेबांचे नाव घालतो. एके दिवशी साहेबांना फोन येतो, पाच मिनिटे बोलणे होते आणि नोकरी हुकते. काय बोलणे झाले, हे उमेदवाराला कधीच कळत नाही. विचारले, तर उत्तर ठरलेले : 'ते गोपनीय असते.'

गोपनीय खरे, पण कोणापासून? सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल इथे उपयोगी पडतात.

पहिला २००८ चा, देवदत्त विरुद्ध भारत सरकार. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतल्या या कार्यकारी अभियंत्याच्या १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी 'फार चांगला' हवा होता. शेरा वाईट नाही म्हणून तो त्यांना कळवलाच नाही, आणि बढती मात्र अडली. न्यायालयाने सांगितले, की शेरा कोणताही असो, तो संबंधिताला कळवलाच पाहिजे. माहीतच नसेल, तर माणूस दाद मागणार कशी?

दुसरा २०१२ चा, आणि तो आपल्या अकोल्याचा. तिथल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा आणि शिक्षा यांची माहिती गिरीश देशपांडे यांनी माहिती अधिकारात मागितली होती. न्यायालयाने ती नाकारली. ही बाब कर्मचारी आणि त्याचे कार्यालय यांच्यातली. व्यापक जनहित असल्याखेरीज ती तिसऱ्याला देता येणार नाही.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले, की उत्तर मिळते : परक्यापासून झाकलेले, पण ज्याच्याविषयी लिहिले त्याला उघड.

हे झाले सरकारी नोकरीचे. खासगी नोकरीत हे निकाल थेट लागू होत नाहीत. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले आणि मुख्य तरतुदींना तिथून अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पण नोकरीच्या कामासाठी काही माहिती संमतीशिवाय वापरण्याची मुभा त्यात मालकाला आहे. शिवाय नुसते तोंडी बोलणे डिजिटल माहितीत मोडत नाही. म्हणजे तो पाच मिनिटांचा फोन पुन्हा सुटलाच!

म्हणून काही पथ्ये आपणच पाळावीत. उमेदवाराने विचारल्याशिवाय कुणाचे नाव व नंबर देऊ नये, आणि नोकरी सोडतानाच अनुभवाचा दाखला लेखी मागून घ्यावा. माहिती देणाऱ्याने फोन खरोखर कुणाचा आहे, याची खात्री करावी. कामाचा काळ, हुद्दा आणि स्वतः पाहिलेले काम एवढेच सांगावे. आजारपण, घरचे वाद, लग्नाचा बेत हे त्याचे खासगी; ते सांगण्याचा अधिकार आपला नाही.

मग दोष लपवायचे का? मुळीच नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला 'उत्तम चालक' असा दाखला देणे, म्हणजे दुसऱ्याच्या मुलांचा जीव धोक्यात घालणे. सद्हेतूने, ज्याचा संबंध आहे त्यालाच आणि काळजीपूर्वक सांगितलेल्या मताला अब्रुनुकसानीच्या कायद्यातही संरक्षण आहे. मात्र जे त्याच्या तोंडावर सांगता येणार नाही, ते त्याच्या माघारी फोनवर सांगू नये.