लाभ, दोन, तीन

गुलमंडीवरील ज्या कापडदुकानात माझी उमेदवारी आणि पुढे उभी हयात गेली, तेथील धाकट्या मालकांनी गेल्या मार्चअखेरीस मोठ्या अदबीने सांगितले, "काका, यंदा मोजदादीला तुम्ही नाही आलात तरी चालेल, स्कॅनर घेतलाय." ज्या कामास आम्हांस तीन दिवस लागत, ते त्या यंत्राने जेवणाच्या सुट्टीपूर्वी उरकले, हे मान्य केलेच पाहिजे.

निजामी अमदानीतील दुकानदारी मी केवळ वडीलधाऱ्यांकडून ऐकली, आणि २००५ च्या व्हॅटपासून २०१७ च्या जीएसटीपर्यंतचा काळ संगणकापुढे जांभया देण्यात सरला. मन रेंगाळते ते १९८० नंतरच्या दशकात. त्या वेळी आमच्या पेढीचे वर्ष दिवाळीला संपे. सणाच्या गिऱ्हाइकीने फळ्या रित्या झालेल्या असत, त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री दुकान वाढवल्यावर सुरू केलेली मोजदाद पाडव्याच्या पहाटे आटोपे आणि नव्या वहीत शिल्लक ओढता येई. एकाने नग हाती घेऊन पुकारायचे, दुसऱ्याने लिहायचे, मोजून झालेल्या खणावर खडूने फुली मारायची, आणि मग जागा बदलून एकमेकांची रुजुवात घ्यायची, असा शिरस्ता होता. पहिल्या नगास 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. पुकारणाऱ्याची बोटे घडीत शिरत असल्यामुळे कसर लागलेला काठ किंवा ओल धरलेला पदर त्याच रात्री उघडकीस येई.

पुढे १९८७ च्या अधिनियमाने आयकरासाठी सर्वांचे वर्ष एकच ठरविले आणि ३१ मार्च १९८९ रोजी आमचे पहिले सरकारी वर्ष संपले. कायद्याची एकसूत्रता शिरसावंद्य. परंतु लग्नसराईचा माल नुकताच उतरलेला, फळ्या छतापर्यंत भरलेल्या आणि उन्हाने पत्रे तापलेले, अशा मुहूर्तावर माल मोजावयास लावणाऱ्याने दुकानाची पायरी कधी चढली असेल, असे वाटत नाही. त्या वर्षी सात साड्यांची तूट निघाली, ती थोरल्या मालकांनी आम्हा नोकरांच्या पगारातून वळती केली. आणि पावसाळ्यात त्याच सात साड्या माळ्यावरील, कोणी न मोजलेल्या पेटाऱ्यात सापडल्या, तेव्हा कापलेले पैसे परत देण्याची आठवण मात्र कोणास झाली नाही. त्यानंतर मी रोज दुपारी, गिऱ्हाईक विरळ असताना, एक खण मोजण्याचा प्रघात पाडला. महागड्या पैठण्यांची मोजणी आठवड्यास, अस्तराच्या कापडाची तिमाहीस. तफावत ताजी असतानाच तिचा माग लागे, आणि मार्चअखेरीस केवळ पडताळा उरे. संगणक आला तसा हा प्रघात मोडला. आता पडद्यावर आकडा दिसतोच, मग रोज कशास मोजावे, असा युक्तिवाद झाला.

बारकोड वाईट नव्हे. १९७४ मध्ये ओहायोतील एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावर त्याचे प्रथम वाचन झाले, तेव्हापासून त्याने जगातील असंख्य कारकुनांची मान वाचविली आहे. परंतु तो चिठ्ठी मोजतो. चिठ्ठीखाली काय आहे, हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही.

बोलावणे नसतानाही ३१ मार्चला सायंकाळी मी गेलो आणि सवयीने पैठण्यांची खोकी उघडली. यंत्राच्या यादीत बारा होत्या. अकरा हाती लागल्या. बारावी घरी दाखविण्यासाठी कोणी पसंतीला नेली होती, त्याची नोंद नव्हती, आणि तिच्या खोक्यात, बाहेर चिठ्ठी शाबूत असताना, नुसता पातळ कागद होता.