सर्व्हर बंद, शर्यत चालू

२० मे २०१४ रोजी निन्टेन्डोने आपली 'वाय-फाय कनेक्शन' ही सेवा बंद केली. 'वी' आणि 'डीएस' या दोन यंत्रांवरच्या शेकडो खेळांचा ऑनलाइन भाग त्या दिवशी संपला. डिस्क शाबूत, यंत्र शाबूत, घरचे इंटरनेटही चालू. पण 'मारिओ कार्ट वी' लावून परक्या देशातल्या कुणाशी शर्यत खेळायला गेलात, तर पडद्यावर नुसता एरर कोड. २००८ साली आलेल्या या एका खेळाच्या ३ कोटी ७० लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या. तो आजही ऑनलाइन खेळला जातो, आणि त्यात निन्टेन्डोचा काडीचाही हात नाही.

असे होऊ शकले, कारण या खेळातला सर्व्हर आपल्याला वाटतो तेवढे काम करतच नव्हता. शर्यत त्याच्यावर चालत नसे. त्याची भूमिका वधूवर सूचक मंडळाची: नाव नोंदवून घ्यायचे, तोलामोलाचे स्थळ शोधायचे, दोन्हीकडचे पत्ते एकमेकांना द्यायचे आणि बाजूला व्हायचे. पुढे बारा गाड्या कुठे आहेत, केळ्याची साल कुणी टाकली, कोण घसरले, हा सगळा मजकूर खेळाडूंची यंत्रे थेट एकमेकांना पाठवत. अवघड काम एकच होते. घरातला राउटर बाहेरून आगंतुक आलेला मजकूर आत घेत नाही. मग सर्व्हर दोन्ही यंत्रांना एकाच वेळी सांगतो, 'तू त्याला पाठव, तू याला पाठव.' दोघांनीही आधी स्वतःहून पाठवले असल्याने दोन्ही राउटरांना समोरून आलेले उत्तर ओळखीचे वाटते आणि वाट मोकळी होते.

एक्सबॉक्सवरच्या 'हेलो २'ने ही गोष्ट फार नाट्यमय रीतीने दाखवली होती. मायक्रोसॉफ्टने १५ एप्रिल २०१० रोजी पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा थांबवली. नवा प्रवेश बंद झाला, पण जे आधीच आत होते त्यांची यंत्रे एकमेकांशी बोलतच राहिली. मूठभर खेळाडूंनी यंत्रे बंदच केली नाहीत. एकेक जण गळत गेला आणि शेवटचा खेळाडू मे महिन्यात बाहेर पडला. जवळजवळ चार आठवडे हा खेळ दाराशी कुणी नसताना चालला.

तेव्हा प्रश्न उरतो तो या मध्यस्थाच्या जागी दुसरा बसवण्याचा. निन्टेन्डोचा मध्यस्थ मुळात निन्टेन्डोचा नव्हताच. पडद्यामागे 'गेमस्पाय' ही अमेरिकी कंपनी होती. संगणकावरच्या आणि कन्सोलवरच्या कितीतरी खेळांची जुळवाजुळव तीच करायची. २०१२ साली ती 'ग्लू मोबाइल'कडे गेली आणि ३१ मे २०१४ रोजी तिचेही सर्व्हर बंद झाले. म्हणजे एका कंपनीने गाशा गुंडाळला आणि परस्परांशी काही संबंध नसलेले खेळ एकाच महिन्यात मुके झाले. यात एक सुदैवही होते. इतक्या जणांनी वापरलेली पद्धत गुप्त राहत नाही. लुइजी ऑरिएम्मा या इटालियन सुरक्षा-संशोधकाने गेमस्पायच्या संभाषणाची बरीचशी उकल कित्येक वर्षे आधीच करून ठेवली होती.

निन्टेन्डोने सेवा बंद होणार असल्याचे फेब्रुवारीत जाहीर केले होते, त्यामुळे जवळपास तीन महिने हातात होते. माझ्या मते या साऱ्या कथेतला कळीचा काळ तोच. सर्व्हर जिवंत असेपर्यंत यंत्र काय विचारते आणि त्याला काय उत्तर मिळते, हे टिपून ठेवता येते. तो गेल्यावर फक्त प्रश्न ऐकू येतात. उत्तरे अंदाजाने रचावी लागतात. 'वीम्फी' हा पर्यायी सर्व्हर मूळ सेवा बंद पडण्याच्या काही दिवस आधीच सुरू झाला होता. तो चालवणारे लोक 'मारिओ कार्ट'चे नवे रस्ते बनवणाऱ्या हौशी मंडळींपैकी होते. खेळाची फाइलन् फाइल त्यांनी आधीच उलगडलेली होती.

डिस्कवरच्या खेळात मूळ सर्व्हरचा पत्ता कोरलेला असतो. तो बदलायचा तर नवे नाव जुन्यापेक्षा लांब असून चालत नाही, कारण फाइलमध्ये तेवढीच जागा असते. 'वीम्फी'चे नाव आखूड असल्याने सहज बसले. हा बदल करणाऱ्या पॅचनेच सुरक्षित जोडणीची अटही काढून टाकली. 'डीएस'च्या बाबतीत तर काही वर्षांनी याहून मजेदार वाट सापडली. समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र विश्वासू सहीचे आहे का, एवढेच ते यंत्र बघते. पण सही करणाऱ्याला सही करण्याचा अधिकार होता का, हे विचारायचे विसरते. 'वी'मध्ये निन्टेन्डोनेच दिलेले एक प्रमाणपत्र असते. त्याच्या किल्लीने नव्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तयार केले, तर 'डीएस' ते निमूट मान्य करते. कार्ट्रिजला हात लावायची गरजच नाही. सेटिंगमध्ये डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा, आकडा बदलला की झाले. निर्मात्याची चूक खेळाच्या कामी आली! अडचण उरते ती वाय-फायची. 'डीएस'ला फक्त डब्ल्यूईपी ही जुनी कुलूपपद्धत कळते, आजचे बहुतेक राउटर ती देत नाहीत. म्हणून पासवर्ड नसलेला हॉटस्पॉट तात्पुरता उघडून लोक खेळतात.

पहिल्या एक्सबॉक्ससाठी 'इन्सिग्निया' ही सेवा नोव्हेंबर २०२२मध्ये लोकांपुढे आली, म्हणजे मूळ सेवा थांबल्यावर साडेबारा वर्षांनी. तिथे प्रत्येक यंत्राची स्वतःची गुप्त किल्ली असते. ती एकदा यंत्रातून काढून नोंदवावी लागते. एवढा विलंब उगाच झाला नाही.

नवा मध्यस्थ बसला की त्याच्यामागे पहाऱ्याचे कामही येते. 'मारिओ कार्ट वी'मध्ये लबाडी करणारे निन्टेन्डोच्या काळातच माजले होते. खेळात अशीही एक फट निघाली की, एका खेळाडूला दुसऱ्याच्या यंत्रावर स्वतःचा कोड चालवता येई. ती फट हौशींनी बुजवली. कंपनीने सोडून दिलेल्या खेळाची डागडुजी बिनपगारी लोक करतात, हे कौतुकाचे आणि थोडे लाजिरवाणेही आहे.

कायदा मात्र यांच्याकडे कपाळाला आठ्या घालूनच बघतो. ब्लिझार्ड कंपनीच्या 'बॅटलनेट' या ऑनलाइन सेवेला पर्याय म्हणून बनवलेल्या 'बीनेटडी'विरुद्ध अमेरिकी अपील न्यायालयाने २००५ साली निकाल दिला. खरी प्रत आणि चोरीची प्रत यांत तो सर्व्हर फरक करत नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. २०१५ साली तिथे बंद पडलेल्या खेळांसाठी सवलत मिळाली. पण ती परवान्याची तपासणी टाळून घरी खेळण्यापुरती, इतरांशी जुळवून देणारा सर्व्हर त्यातून स्पष्टपणे वगळला. म्हणजे नेमका आपला विषय बाहेर! भारताच्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ दोन प्रणाली एकमेकांशी जुळाव्यात म्हणून लागणारी माहिती मिळवण्याची मुभा देते, आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्यालाच गुन्हा मानते. वाचताना ही कलमे अमेरिकी कायद्यापेक्षा उदार वाटतात.

सर्व्हर नुसता मध्यस्थ नसला तर काय होते, ते युबिसॉफ्टच्या 'द क्रू'ने दाखवले. २०१४च्या या मोटारींच्या खेळात एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागे. ३१ मार्च २०२४ रोजी तो बंद झाल्यावर विकत घेतलेली डिस्क निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' या मोहिमेच्या अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालवा असे ती म्हणत नाही. जाताना खेळ चालण्याजोगा ठेवून जा, एवढेच म्हणते. मला ही मागणी फारच माफक वाटते.

निन्टेन्डोने ८ एप्रिल २०२४ रोजी '३डीएस' आणि 'वी यू' यांचीही ऑनलाइन सेवा थांबवली. या वेळी 'प्रिटेन्डो' या प्रकल्पातले लोक कित्येक वर्षे आधीपासून कामाला लागलेले होते. यंत्र आणि सर्व्हर यांच्यातले संभाषण टिपून ठेवणारे छोटे प्रोग्रॅम त्यांनी वाटले, आणि मुदत संपेपर्यंत लोकांनी आपापल्या आवडीचे खेळ खेळून त्यांच्या नोंदी पाठवल्या. खप प्रचंड असलेल्या खेळांना असे नोंदी पाठवणारे सहज भेटतात. ज्या खेळात शेवटच्या वर्षी फिरकायलाही कुणी नव्हते, त्याचा सर्व्हर लिहिणाऱ्याला उत्तरांची बाजू स्वतःच जुळवावी लागते.