न पाहिलेल्या दुकानातली खरेदी

मुलांनो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एक प्रश्न विचारा. ‘व्ही.पी.ने मागवणं’ म्हणजे काय हो? बहुतेक आजोबा लगेच सरसावून बसतील. पोस्टमन पार्सल घेऊन दारात यायचा. घरातल्यांनी पैसे मोजून द्यायचे, मग पार्सल हातात. ते पैसे पोस्टखातंच मनीऑर्डरने विकणाऱ्याला पोचवायचं. ही सोय आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. पुण्या-मुंबईची पुस्तकं कितीतरी खेड्यांत अशीच पोचली.

पण आजोबांनी आणखी एक आठवण सांगितली तर नवल नाही. वर्तमानपत्रात कोड्याच्या जाहिराती यायच्या. नऊ घरांच्या चौकोनात आकडे असे भरा की कुठूनही बेरीज पंधरा यावी; बरोबर उत्तराला ट्रान्झिस्टर किंवा घड्याळ बक्षीस! (हे कोडं तुम्हीसुद्धा पाच मिनिटांत सोडवाल. सगळ्यांना सुटावं म्हणूनच ते दिलेलं असायचं.) मग पत्र यायचं, ‘अभिनंदन! पॅकिंग आणि टपालखर्चापुरते पैसे द्या.’ पार्सल यायचं व्ही.पी.ने. आणि आतून निघायचा प्लॅस्टिकचा डबा, नाहीतर चक्क विटेचा तुकडा! आधी पैसे आणि मग फोडणं, हा नियम ना! पोस्टमनचा त्यात काय दोष?

आता कोडं गेलं, वर्तमानपत्राच्या जागी मोबाइल आला. व्हिडिओ बघता बघता मध्येच एखादं दुकान उघडतं. त्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं, दुकानदाराचं तोंड पाहिलेलं नसतं. वीट मात्र तीच आहे बरं का!

आमच्या शाळेतल्या एका मुलाची मोठी बहीण आठवीत आहे. तिला एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेला बसायचं होतं. मोबाइलवर तिला लाकडी पेटीतला रंगसंच दिसला. किंमत २,४९९ रुपये, त्यावर फुली, आज फक्त ४९९. शिवाय आगाऊ पैसे भरले तर ५० रुपये सूट. आईने पैसे भरले. ती माउली साड्यांना फॉल-पिको करते. म्हणजे सात-आठ साड्यांची मजुरी एका बोटाच्या टिचकीने गेली. दहा दिवसांनी एक पाकीट आलं. आत पाच रंगीत खडू आणि एक पातळ ब्रश. दुकानाचा फोन लागेना, पान उघडेना. मुलगी दोन दिवस जेवली नाही. पैशांपेक्षा ‘माझ्यामुळे आईचे गेले’ हे तिला जास्त लागलं होतं. मला वाटतं, फसवणाऱ्याचा खरा गुन्हा हाच. पैसे आईचे गेले आणि अपराधी वाटलं मुलीला!

तर मग अनोळखी दुकानातून काही घ्यायचंच नाही का? तसं मी म्हणणार नाही. कोकणातल्या एखाद्या मावशी घरी केलेली आमसुलं विकतात, एखादा छोटा प्रकाशक तुमच्यासाठी सुंदर पुस्तकं काढतो. त्यांचं नाव तरी आपल्याला कुठे माहीत असतं? अनोळखी म्हणजे लबाड नव्हे. फक्त ओळख करून घ्यायला हवी, आणि ती घरबसल्या करता येते.

पत्ता काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० साली आले. त्यानुसार अशा प्रत्येक दुकानाने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ठळक द्यायला हवं. पत्ताच नसेल तर पुढे जायचं कारण नाही. पत्ता असेल तर त्यातला पिनकोड बघा. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, आणि संस्कृतचे कवीसुद्धा! पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात, कोल्हापूरचे ४१६ ने, सुरतचे ३९५ ने. आता दुकान म्हणतंय, ‘आम्ही अस्सल कोल्हापूरचे चपलावाले’ आणि पिनकोड सुरू होतोय ३९५ ने, तर विचारायला नको का, की काका, तुमचं कोल्हापूर सुरतेला कधी गेलं?

जी.एस.टी. क्रमांक दिला असेल तर तोही बोलका असतो. त्यात पंधरा अक्षरं-आकडे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, गुजरातचे २४. जी.एस.टी.च्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, हे फुकट कळतं. छोट्या विक्रेत्यांकडे हा क्रमांक असतोच असं नाही, त्यामुळे नसला म्हणून लगेच चोर ठरवू नका. पण दिलेला क्रमांक भलत्याच्याच नावावर निघाला, तर मात्र दुकान बंद करा. म्हणजे आपल्या मोबाइलवरचं!

दुकानाचं नाव वाचायचीही एक रीत आहे. आपल्याकडे माणसाचं घराणं कळतं ते शेवटच्या शब्दावरून, आडनावावरून. संकेतस्थळाचंही तसंच आहे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा आणि पुढची पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. तिच्या लगेच आधीचे शेवटचे दोन शब्द (कधी तीन) म्हणजे आडनाव. समजा, एका नामांकित दुकानाचं नाव ‘अमुक डॉट कॉम’ आहे. मग ‘अमुक डॉट मोठासेल डॉट शॉप’ हे त्याचं भावंड नव्हे. हा कोणी ‘मोठासेल’ आडनावाचा परका आहे, त्याने अमुकचा सदरा घातलाय एवढंच. आणि नावाशेजारी कुलूप दिसलं म्हणून भुलू नका. आपला निरोप वाटेत कोणी वाचू नये यासाठी ते कुलूप असतं. निरोप घेणारा चोर की साव, हे ते सांगत नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा तर वेगळीच आहे. फोन करून मालाबद्दल एक बारीकसा प्रश्न विचारा. ‘संचात पांढऱ्या रंगाची ट्यूब किती मिलिलिटरची आहे?’ खरा विक्रेता उठून बघेल आणि सांगेल. खोटा म्हणेल, ‘मॅडम, ऑफर संपत आली, लवकर पैसे भरा.’

घड्याळाची घाई

ही ‘ऑफर संपत आली’ची गंमत तर बघाच. पानावर घड्याळ उलटं धावत असतं : फक्त ९ मिनिटं उरली! फक्त २ नग शिल्लक! तुम्ही एक प्रयोग करा. काहीही विकत न घेता तेच पान दुसऱ्या दिवशी उघडा. पुष्कळदा घड्याळ पुन्हा तिथूनच धावायला लागलेलं दिसेल. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई ही त्यातलीच एक. न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकून बिल वाढवणं ही दुसरी.

ग्राहकांचे अभिप्राय वाचायचे तर आधी वाईट वाचा. चांगले विकत मिळू शकतात. वाईट कोण विकत घेईल? दहाजणांनी त्याच शब्दांत ‘मस्त वस्तू आहे’ लिहिलं असेल, तर ते दहाजण बहुधा एकच असतात.

पैसे देताना

आता पालकांनी जरा पुढे सरकून बसावं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला खरेदीचा करार स्वतः करता येत नाही. तेव्हा ऑर्डर द्यायची ती मोठ्यांनीच. मुलांनी शोधावं, तपासावं, बटण आई-बाबांनी दाबावं.

मोबाइलवरून पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचं नाव दिसतं. ते वाचा. दुकानाचं नाव एक आणि खातं भलत्याच माणसाचं, तर थांबून विचारा. घरगुती विक्रेत्याचं खातं स्वतःच्या नावाने असू शकतं, पण मग तो तसं सरळ सांगतो. आणि हे तर वहीत लिहूनच ठेवा : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, कधीच येत नाहीत. ‘तुमचे पैसे परत करतो, हा चौकोन स्कॅन करा आणि पिन टाका,’ असं कोणी म्हणालं तर तो दुसऱ्यांदा लुटायला आलेला असतो. (हा क्यू.आर. चौकोन जपानमध्ये १९९४ साली जन्मला, तोही मोटारींच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी!)

‘आम्ही घरपोच आल्यावरच पैसे देतो, आम्हाला काय भीती?’ असं काही पालक म्हणतात. पण व्ही.पी.ची वीट आठवा. पेटी फोडण्याआधीच पैसे द्यावे लागतात, हे आजही बहुतेक ठिकाणी तसंच आहे. काही मोठ्या कंपन्या काही वस्तू दारात उघडून दाखवतात. तशी सोय असेल तर जरूर घ्या. नसेल तर पार्सलवरचं लेबल वाचा. पुष्कळ लेबलांवर वजन छापलेलं असतं. मोठ्या माणसांची क्रिकेटची बॅट किलोभराहून जास्त भरते. लेबलावर दोनशे ग्रॅम लिहिलं असेल, तर आत बॅट नाही हे सांगायला ज्योतिषी नको! पार्सल नाकारा. नाकारणं हा काही उर्मटपणा नव्हे.

घरी तुम्ही किंवा आजीच असाल आणि कोणीच न मागवलेलं पार्सल आलं, ‘साडेतीनशे रुपये द्या’ असं ऐकलं, तर ‘घरात विचारून सांगतो, नंतर या’ एवढं म्हणायचं. पार्सल डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओ.टी.पी.ही सांगायचा नाही. ‘तुमचा पत्ता अपुरा आहे, पार्सल अडकलंय, या दुव्यावर माहिती भरा,’ असे पोस्टाच्या नावाचे खोटे निरोप २०२४ मध्ये इतके फिरले, की सरकारला ते खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं.

आलेलं पार्सल फोडताना दुसऱ्याने सलग व्हिडिओ काढावा. आधी लेबल दाखवायचं, मग चारी बाजू, मग कात्री. भांडण झालंच तर हा पुरावा फार उपयोगी पडतो.

तक्रार कुठे?

आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा, असं नियम सांगतो. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. दुकानच खोटं निघालं, पैसे लुबाडले गेले, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक, आणि तो लगेच. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. लवकर कळवलं तर वाटेत अडवता येतात. त्या रंगसंचवाल्या घरी हा क्रमांक माहीत नव्हता. त्यांनी तो फिरवला तेव्हा पार्सल येऊन आठवडा झाला होता, खात्यात काही उरलं नव्हतं. परीक्षा तिने शाळेच्या रंगांवर दिली.

सगळं करूनही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने एक फार चांगली गोष्ट केली आहे. विक्रेता दिल्लीत असो की चेन्नईत, तुम्ही आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

ताळा करा

आता तुमच्या आवडीचं गणित. स्पीड पोस्टच्या पार्सलचा क्रमांक तेरा जागांचा असतो : दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी भारताची खूण ‘आय.एन.’. यातला नववा आकडा ताळ्याचा. हा जागतिक टपाल संघटनेचा नियम आहे. (ही संघटना १८७४ ची, स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातली.) पहिल्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा. बेरीज करा. तिला ११ ने भागून जी बाकी उरेल ती ११ मधून वजा करा. येईल तो नववा आकडा. वजाबाकी १० आली तर ० धरायचा, ११ आली तर ५.

करून बघू. आकडे आहेत ४७३१२४८२. गुणाकार : ३२, ४२, १२, २, ६, २०, ७२, १४. बेरीज २००. अकराने भागल्यावर बाकी २. अकरातून दोन गेले, उरले नऊ. म्हणजे पूर्ण क्रमांक ४७३१२४८२९.

लबाड दुकानदार मनानेच क्रमांक ठोकून देतो तेव्हा हा ताळा बहुतेक वेळा चुकतो. तो जुळला म्हणून पार्सल तुमचंच असं मात्र नाही. दुसऱ्याच्या पार्सलचा खरा क्रमांकही कोणी देऊ शकतो. म्हणून जुळल्यावर पोस्टाच्या संकेतस्थळावर तो टाकून पार्सल कुठून निघालं आणि कोणत्या पिनकोडला चाललंय तेही बघा. खासगी कुरिअरचे क्रमांक वेगळे असतात, त्यांना हा ताळा लागू नाही.

आता खालच्या दोन क्रमांकांपैकी एक मी मनाने ठोकलेला आहे. कोणता, ते कागद-पेन्सिल घेऊन शोधा :

ई.एम. ६१७२०८३५० आय.एन.

ई.एम. २९४०१७६८५ आय.एन.