मकबऱ्याची गोष्ट इंग्रजीत सांगताना

औरंगाबादचा बीबी का मकबरा, दौलताबादचा किल्ला, खुल्दाबाद, वेरूळ. या ठिकाणी आपली कितीतरी मुले पर्यटकांना माहिती सांगून चार पैसे मिळवतात. उर्दू आणि मराठी तोंडात खेळते, इंग्रजी मात्र पाठ केलेली असते. गेल्या उन्हाळी सुट्टीत अशा काही मुलामुलींना मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवले.

पहिली अडचण पाठांतराची. पाहुण्याने मध्येच प्रश्न विचारला की मुलगा अडतो आणि पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो. म्हणून आधी तीनच वाक्ये घोटून घेतली: पुन्हा सांगाल का, जरा सावकाश बोलाल का, मला नक्की माहीत नाही. तिसरे म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळली! गाइडला 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते, मग तो भुयार थेट दिल्लीपर्यंत नेतो.

मग उच्चार. 'टोम्ब' नव्हे, 'टूम'. 'इस्टोन' नव्हे, 'स्टोन'. 'लाख' परदेशी पाहुण्याला कळत नाही, 'हंड्रेड थाउजंड' म्हणावे. आणि 1660 हे साल सतराव्या शतकातले, सोळाव्या नव्हे. ही चूक पदवीधरही करतात.

सर्वांत जास्त वेळ एका वाक्यावर गेला: "हा ताजमहालाची नक्कल आहे." एवढे ऐकून पाहुणा फोटो काढतो आणि निघतो. मुलांना म्हटले, आधी त्याला भिंत दाखवा. संगमरवर कुठे संपतो, प्लास्टर कुठे सुरू होते, घुमटावर पुन्हा संगमरवर कसा येतो. दरवाजावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपत राय ही कारागिरांची नावे आहेत, ती सांगा. मार्बल, प्लास्टर, इंजिनिअर हे शब्द तर मिस्त्रीकाम करणाऱ्यांच्या घरात रोजचेच.

संरक्षित वास्तूंत गाइडचे काम करायला परवाना लागतो, त्याची चौकशी घरच्यांनी आधीच करावी.

वर्गातली सर्वांत हुशार एक मुलगी. अनोळखी लोकांबरोबर फिरायचे, म्हणून अब्बा राजी नव्हते. ती काळजी खोटी नाही. शेवटी ठरले: फक्त कुटुंबांचे गट, दिवसाउजेडी आणि खाला सोबत. पहिल्या रविवारी पानचक्कीवर एका परदेशी बाईने मध्येच विचारले, "पंप नाही, मग पाणी येते कुठून?" पोरगी क्षणभर थांबली, "वन मिनिट, मॅडम" म्हणाली आणि डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांनी पाणी कसे येते ते हातवारे करत स्वतःच्या शब्दांत सांगू लागली. खाला मागे उभी राहून ऐकत होती.