माउथ ऑर्गनची स्पर्धा कशासाठी?

१९२७ साली बाल्टिमोरच्या 'ईव्हनिंग सन' या दैनिकानं माउथ ऑर्गनवादनाची स्पर्धा घेतली आणि तेरा वर्षांच्या लॅरी ॲडलरनं बेथोव्हनचा एक मिन्युएट वाजवून ती जिंकली. खिशात मावणाऱ्या वाद्यावर बेथोव्हन, याचंच सगळ्यांना कौतुक. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. ॲडलर आपला आपणच शिकला होता. स्वरलिपी वाचायला तर तो चाळीसच्या दशकात शिकला. पुढे व्हॉन विल्यम्ससारख्या संगीतकारानं ज्याच्यासाठी 'रोमान्स' ही रचना केली, त्या मुलाचं वादन कोणाही गुरूच्या आधी परीक्षकांनी तोलून पाहिलं. हौशी वादकानं स्पर्धेत उतरावं, असा माझा आग्रह आहे तो याच कारणासाठी. वाजवणाऱ्याचे दोष त्याच्यापासूनच लपवण्यात या वाद्याचा हात धरणारं दुसरं वाद्य क्वचितच सापडेल.

तबल्यावर बोट चुकीचं पडलं तर गुरुजींना ते दिसतं, पेटीवर भलतीच पट्टी दाबली तर शेजारी बसलेल्यालाही कळतं. माउथ ऑर्गनचा सगळा कारभार ओठांच्या आड चालतो. जीभ कुठे आहे, घसा किती उघडा आहे, शेजारच्या भोकात हवा शिरते आहे का, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. गाणाऱ्याचंही तसंच असतं, हे खरं. पण गाणाऱ्याच्या पाठीशी गुरू, तंबोरा आणि चुका काढणाऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची फौज असते. माउथ ऑर्गनवाला बहुधा एकटाच शिकतो. त्यातून वाद्य ओठांना चिकटलेलं, आवाज समोर फेकला जाणारा. समोरच्याला जे ऐकू जातं नेमकं तेच वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही.

दहा भोकांचा साधा, पांढरी एकचा, म्हणजे 'सी' पट्टीचा डायटॉनिक घ्या. चौथ्या भोकापासून सातव्यापर्यंत सप्तक पुरं मिळतं: फुंकून सा, ओढून रे, फुंकून ग, ओढून म, फुंकून प, ओढून ध. इथवर आधी फुंकर, मग ओढ. सातव्या भोकावर क्रम उलटतो. नी ओढून निघतो आणि वरचा सा फुंकून. नवखा हमखास अडखळतो तो इथे. खरी गंमत मात्र खालच्या सप्तकात आहे. तिथे मध्यम आणि धैवत दिलेलेच नाहीत, कारण ही रचना सुरावटीपेक्षा स्वरसंगतीच्या सोयीनं केलेली. ते दोन्ही स्वर वादकाला 'बेंड' करून काढावे लागतात. दुसऱ्या भोकावर ओढलेला पंचम दोन अर्धस्वर खाली वाकवला की मध्यम, तिसऱ्यावरचा निषाद तितकाच उतरवला की धैवत. तिसऱ्या भोकाचा स्वर तर तीन अर्धस्वरांपर्यंत घसरतो आणि मध्ये कुठे थांबायचं याची खूण कुठेच नसते. जिभेच्या मागच्या भागाला ते ठाऊक असावं लागतं. आता याच वाद्यावर षड्ज बदलून पाहा. दुसऱ्या भोकावर ओढलेल्या स्वराला सा मानलं की खमाज थाट हाती येतो, चौथ्यावर ओढलेल्याला मानलं की काफी. एका पट्टीच्या वाद्यातून बिलावल, खमाज, काफी! पण खमाज खालून सुरू केला तर त्याचा शुद्ध रिषभ म्हणजे तोच तिसऱ्या भोकावरचा वाकवलेला स्वर. तो केसभर चढा राहिला तरी वाजवणारा खूश असतो, कारण वाकवता आलं याचाच आनंद मोठा. परीक्षक खूश नसतात.

इतिहास थोडक्यात. माथियास होनर या घड्याळजीनं १८५७ साली जर्मनीतल्या ट्रॉसिंगनला माउथ ऑर्गनचा, म्हणजे हार्मोनिकाचा, कारखाना काढला. त्याच गावी पुढे दर चार वर्षांनी जागतिक हार्मोनिका महोत्सव भरू लागला. आपल्याकडे 'सोलवा साल'मधल्या गाण्यात राहुलदेव बर्मन यांनी आणि 'शोले'त भानू गुप्तांनी हे वाद्य घराघरांत पोचवलं.

आता आक्षेप. संगीताची कसली शर्यत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं अगदीच फोल नाही. मंचावर वेगाला टाळ्या पडतात, म्हणून मुलं वेगाच्याच मागे लागतात. पण वेगात बेसूर झाकला जातो हे ज्याला ठाऊक आहे, तो परीक्षक वेगाला भुलत नाही. संथ मिन्युएट वाजवून बाल्टिमोर जिंकता येतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं की दोष कळतातच, मग परीक्षक कशाला? मुद्रण जरूर करावं. पण माणूस सात वेळा वाजवून त्यातलं सर्वांत बरं ठेवतो आणि उरलेली सहा विसरतो. स्पर्धेत एकदाच वाजवायचं असतं, तेही कोरड्या पडलेल्या तोंडानं. तिसरा आक्षेप शास्त्रीयवाल्यांचा: ठरलेल्या पट्ट्यांच्या वाद्यावर मींड कुठली? आकाशवाणीनं १९४० पासून सुमारे तीन दशकं हार्मोनियमला दार बंद ठेवलं ते अशाच विचारातून. गंमत अशी, की पेटीला जे जमत नाही ते तिच्या या धाकट्या भावंडाला काही भोकांवर तरी जमतं.

म्हणून उतरायचं तर गट विचारपूर्वक निवडावा. ट्रॉसिंगनसारख्या ठिकाणी डायटॉनिक, क्रोमॅटिक आणि ट्रेमोलो यांचे गट वेगळे असतात, आणि ते रास्तच आहे. ट्रेमोलोत प्रत्येक स्वराला किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या दोन पत्त्या असतात. त्या थरथरीत लहानसहान खोट खपून जाते. क्रोमॅटिकला बटण असल्यानं बाराही स्वर तयार मिळतात, पण मग स्वर मिळाला नाही ही सबबही उरत नाही. धून आपल्या श्वासाला झेपेल अशी घ्यावी. सलग ओढीच्या स्वरांनी छाती भरून येते आणि हवा सोडायला जागा मिळत नाही, हे घरी तुकड्या-तुकड्यांत वाजवताना लक्षात येत नाही. मंचावर जाण्याआधी वाद्य मुठीत धरून ऊबदार करावं, थंड पत्त्यांवर श्वासाची वाफ धरते आणि स्वर उशिरा बोलतो. त्याच पट्टीचं दुसरं वाद्य खिशात असू द्यावं. आणि निकाल लागल्यावर क्रमांकाची चौकशी करण्यापेक्षा परीक्षकांना गाठून नेमका कुठला स्वर चढला किंवा उतरला ते विचारावं. चांगले परीक्षक भोकाच्या क्रमांकासह सांगतात.