शाळेचा जमाखर्च कोणी पाहायचा?

दुबईत खासगी शाळेची फी शाळा एकटी ठरवत नाही. संचालकांच्या मनात आलं आणि पुढच्या वर्षी दहा टक्के फी वाढवली, असं तिथे चालत नाही. नॉलेज अँड ह्यूमन डेव्हलपमेंट अथॉरिटी, म्हणजे सगळे ज्याला केएचडीए म्हणतात ते सरकारी प्राधिकरण, वाढीची कमाल मर्यादा जाहीर करतं आणि त्या मर्यादेत बसणाऱ्या वाढीलाही मंजुरी घ्यावी लागते. खासगी शाळांबाबतचा दुबईच्या कार्यकारी परिषदेचा 2017 चा ठराव क्रमांक 2 हा या व्यवस्थेचा मुख्य कायदेशीर आधार.

हा नियम किती घरांना लागू आहे, ते आकड्यांवरून कळतं. 2024-25 मध्ये दुबईत 227 खासगी शाळा होत्या आणि त्यांत 3 लाख 87 हजारांहून जास्त मुलं शिकत होती. अमिरातीच्या नागरिकांच्या मुलांसाठी सरकारी शाळा मोफत आहेत. देशाच्या 2025 च्या 71.5 अब्ज दिरहमच्या केंद्रीय अर्थसंकल्पात शालेय आणि विद्यापीठीय शिक्षणासाठी सुमारे 10.9 अब्ज ठेवले होते. पण इथे नोकरीसाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मुलं बहुतेक खासगी शाळांतच जातात. त्यांचा वर्ग, शिक्षकांचा पगार, एसीचं बिल हे सगळं फीमधूनच भागवायचं असतं. म्हणून या शहरात शाळेच्या पैशाचा कायदा म्हणजे मुख्यतः फीचा कायदा.

हा कायदा टेबलावर कसा राबतो ते पाहायला एका भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेच्या अकाउंट्स विभागात बसायला मिळालं. तिथले मुख्य अकाउंटंट मूळचे कराडकडचे, आखातात निम्मं आयुष्य गेलेले. त्यांच्या स्क्रीनवर इयत्तावार तक्ता होता: डावीकडे चालू वर्षाची मंजूर फी, मधे वाढीचा दर, उजवीकडे नवी फी. 2025-26 साठी जाहीर झालेला दर 2.35 टक्के. समजावून सांगण्यासाठी त्यांनी 12,400 दिरहमची एक फी धरली. वाढ आली 291 दिरहम 40 फिल्स, नवी फी 12,691 आणि वर चाळीस फिल्स. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने सवयीने 12,700 टाइप केलं. त्यांनी लगेच थांबवलं. "पूर्णांक करायचा तर खाली करायचा, वर नाही. नऊ दिरहम दिसतात, पण मर्यादा ओलांडली की अर्ज परत येतो." आकडा 12,691 वर आला. नऊ दिरहम म्हणजे फार काही नाही; पण हजार मुलांच्या शाळेत ते नऊ हजार होतात आणि पुढच्या प्रत्येक वर्षाची वाढ त्यावरच चढते.

हा 2.35 कुठून आला? तो बाजारातल्या सर्वसाधारण महागाईचा आकडा नाही. त्याला एज्युकेशन कॉस्ट इंडेक्स म्हणतात. खासगी शाळांचे लेखापरीक्षण झालेले जमाखर्च सरकारकडे जातात आणि पगार, भाडं, वीज-पाणी यांसारखा शाळा चालवण्याचा खर्च किती वाढला, ते त्यांतून काढलं जातं. 2014-15 साठी हा निर्देशांक 1.74 टक्के होता, 2016-17 साठी 3.21. 2018-19 मध्ये फी गोठवण्यात आली, 2019-20 साठी 2.07 टक्के वाढ मिळाली आणि त्यानंतरची तीन वर्षं, कोविडच्या काळात, वाढ पुन्हा बंद राहिली. 2023-24 मध्ये 3 टक्क्यांनी दार उघडलं. नवीन शाळेला पहिली तीन वर्षं वाढ मागताच येत नाही.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे पैशाला दर्जाची घातलेली जोड. 2024-25 साठी निर्देशांक 2.6 टक्के होता. तपासणीत शाळेचा शेरा पूर्वीइतकाच राहिला तर 2.6 टक्केच. 'अ‍ॅक्सेप्टेबल'वरून 'गुड'वर चढलेल्या शाळेला त्याच्या दुप्पट, 5.2 टक्क्यांपर्यंत. 'गुड'वरून 'व्हेरी गुड'ला पोचली तर 4.55 आणि 'व्हेरी गुड'वरून 'आउटस्टँडिंग' झाली तर 3.9. शेरा घसरलेल्या शाळेला काहीच नाही. अकाउंटंट म्हणाले, "तपासणीच्या आठवड्यात शिक्षकांइतकीच आमचीही झोप उडते. वर्गात काय चाललंय त्यावर आमचं बजेट ठरतं." गुणवत्ता घसरली आणि फी मात्र चढली, हे निदान त्या सूत्रात बसत नव्हतं. जास्त वाढ तळातून वर येणाऱ्या शाळेला, हा विचारही योग्यच. सुधारायला पैसा तिलाच जास्त लागतो.

मंजूर आकडे शेवटी फी फॅक्टशीटवर येतात. पालकांनी हा कागद ओळीओळीने वाचायला हवा. त्यात सक्तीची रक्कम कोणती आणि ऐच्छिक कोणती हे वेगवेगळं दाखवलेलं असतं. ट्यूशन फी एकीकडे. बस, गणवेश, सहली, शाळा सुटल्यानंतरचे उपक्रम दुसरीकडे. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत ट्यूशन फीच्या 10 टक्क्यांपर्यंत असू शकते आणि ती पुढे फीमध्ये वळती व्हायलाच हवी. मूल पुढच्या वर्गात जाताना जागा राखण्यासाठी भरायची रक्कमही फीतूनच वजा होते. व्हॅटचं गणितही इथेच कळतं. 1 जानेवारी 2018 पासून देशात 5 टक्के व्हॅट आला, पण मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाच्या शाळेच्या ट्यूशन फीवर तो शून्य दराने आहे. गणवेशावर आणि कँटीनच्या जेवणावर मात्र पूर्ण 5 टक्के. पावतीवर ट्यूशन फीसमोर कर लावलेला दिसला, तर काउंटरवरच विचारायचं.

त्या दिवशी काउंटरवर एक गृहस्थ आले. नोकरी गेली होती, कुटुंबाला पुण्याला पाठवायचं होतं आणि सत्राची फी आधीच भरलेली होती. उरलेल्या महिन्यांचे पोस्ट-डेटेड चेकही शाळेकडे होते. अकाउंटंटनी हजेरीचा तक्ता उघडला आणि मुलाच्या सत्रातल्या शेवटच्या दिवसावर बोट ठेवलं. परताव्याचा नियम तीन पायऱ्यांचा आहे. सत्रात मूल दोन आठवडे किंवा त्याहून कमी आलं, तर एका महिन्याची फी कापून बाकी परत. दोन आठवड्यांपुढे पण महिन्याच्या आत, तर दोन महिन्यांची कापायची. महिना उलटला की सत्राची पूर्ण फी शाळेची. या मुलाचे तीन आठवडे झाले होते. "साहेब, आज अर्ज दिलात तर दोन महिन्यांचीच कापली जाईल. महिना उलटू दिलात तर सगळंच जाईल," अकाउंटंट म्हणाले. त्या गृहस्थांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला आणि पुढचे चेक परत घेतले. शाळेशी झालेल्या पालक-करारात हे सगळं छापलेलं असतं; सही करताना ते कोणी वाचत नाही आणि घाईच्या दिवशी शोधायला वेळ नसतो. परतीचे चेक मोजून घेणंही महत्त्वाचं. जानेवारी 2022 पासून खात्यात पैसे नसल्यामुळे चेक न वटणं हा इथे सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, पण खात्यात असेल तेवढी रक्कम बँक चेकपोटी देऊन टाकते. जुना चेक कोणाच्या टेबलात राहून गेला, तर शिल्लक पैसे त्यात जाऊ शकतात.

अबू धाबीत हे काम एडेक हा शिक्षण विभाग पाहतो, शारजात तिथलं खासगी शिक्षण प्राधिकरण. नियम प्रत्येक अमिरातीत निराळे. शारजाला राहून दुबईत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी घरांनी म्हणूनच आपल्या मुलाच्या शाळेला कोणाचा नियम लागू आहे, ते आधी पाहावं.

इथपर्यंत सगळं पालकाच्या बाजूचं. दर बांधलेला आहे, वाढ पारखलेली आहे, परतावा ठरलेला आहे. पण मी अकाउंटंटना विचारलं की भरलेल्या शंभर दिरहमपैकी शिक्षकाच्या पगारात किती जातात, हे एखाद्या आईने काउंटरवर विचारलं तर काय सांगता? ते क्षणभर थांबले. "असं कोणी विचारत नाही. आणि विचारलं तरी तो कागद माझ्याकडून बाहेर द्यायचा नसतो." लेखापरीक्षित जमाखर्च प्राधिकरणाकडे जातो आणि पालकाच्या हाती फॅक्टशीट येते. दुबईत 1961 पासून चालणाऱ्या इंडियन हायस्कूलसारख्या ना-नफा शाळाही आहेत. तिथे उरलेला पैसा शाळेतच राहतो. नफ्यासाठी चालणाऱ्या शाळेत मात्र किती पैसा वर्गात गेला आणि किती मालकाकडे, याचं उत्तर फी भरणाऱ्याच्या हाती पडत नाही. या कायद्याने वाढ आवरली आहे. खर्च त्याने पालकापुढे उघडा केलेला नाही.

याची नेमकी उलट बाजू मी सुट्टीत गावी गेल्यावर पाहिली. जिल्हा परिषदेची शाळा, पट 62. पालकाकडून एक रुपया घ्यायचा नाही. समग्र शिक्षा योजनेतून मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पटाला 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, त्यापुढे हजारापर्यंत 75 हजार. म्हणजे या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. उरलेल्यात वीजबिल, पाणी, खडू, खेळाचं साहित्य, मोडलेलं बाक, गळकं छप्पर. मुख्याध्यापकांनी कपाटातून कीर्द काढून पुढ्यात ठेवली. प्रत्येक खर्चासमोर पावती क्रमांक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाचा क्रमांक. आता पैसा शाळेच्या खात्यात येऊन पडून राहत नाही. 2021 नंतरच्या व्यवस्थेत शाळेला खर्चाची मर्यादा मिळते आणि रक्कम पोर्टलवरून थेट दुकानदाराला जाते. अनुदान वर्ष सरत आल्यावर आलं तर 31 मार्चच्या आत धावपळ, आणि खर्च झाला नाही तर मर्यादा परत. जूनमध्ये खडू हवे असतात, तेव्हा शिक्षक पदरमोड करतात.

मात्र या कीर्दीवर पालकाचा कायदेशीर हक्क आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या सदस्य महिला. सरकारकडून किंवा आणखी कुठूनही आलेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम त्याच कलमात लिहिलेलं आहे. मी मुख्याध्यापकांना विचारलं, कोणी कीर्द पाहायला येतं का? ते म्हणाले, "सभेला सह्या होतात. वही उघडून वाचणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी विचारलं म्हणून गेल्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार आधी बसवलं." एका बाईने एक वही वाचली आणि खर्चाचा क्रम बदलला. यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

आपल्या खासगी शाळांसाठीही महाराष्ट्राने कायदा केलेला आहे. 2011 चा शुल्क विनियमन कायदा 1 डिसेंबर 2014 पासून लागू झाला. त्यात व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाची फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडायची असते आणि त्या समितीतले पालक सोडतीने निवडले जातात. म्हणजे फीमागचा खर्च विचारण्याची जागा कायद्याने पालकाला दिलेली आहे. दुबईत ही जागा प्राधिकरणाने घेतली आहे. तिथे नियम कडक पाळले जातात. आपल्याकडे हक्क जास्त आहेत, पण ते वापरणारे कमी.

दोन्ही ठिकाणं पाहून माझं मत पक्कं झालं आहे. शाळेचा पैसा सरकारी असो की पालकाच्या खिशातला, त्याचा दर ठरवणं हे अर्धंच काम. तो कुठे खर्च झाला हे मुलाच्या आईबापाला दिसलं, तरच काम पुरं होतं. आखातातल्या मराठी पालकांनी फॅक्टशीट आणि पालक-करार सही करण्यापूर्वी वाचावेत आणि पालकसभेत पगार व साधनांवरच्या खर्चाचा प्रश्न सौजन्याने, पण दरवर्षी विचारावा. आणि सुट्टीत गावी गेलात, तर तुमची भावंडं, भाचरं, शेजारची मुलं ज्या शाळेत जातात तिथल्या व्यवस्थापन समितीतल्या पालकांना एवढंच सांगा: सही करण्याआधी कीर्द उघडा. तो तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो वापरायला एक पैसाही लागत नाही.